आधी काम ठरवा, मग दुकानात जा

दहावी-बारावीचे निकाल लागले, की आमच्याकडे पालकांची ये-जा वाढते. कॉलेज कोणते, शाखा कोणती, हे प्रश्न नेहमीचेच. पण गेल्या काही वर्षांत त्यांत आणखी एकाची भर पडली आहे. “सर, मुलाला मोबाईल घ्यायचा आहे, कोणता घेऊ?” कुणी विचारतात, “लॅपटॉप घेतलाच पाहिजे का?” घरी शिलाईकाम करणाऱ्या एखाद्या आपा विचारतात, “ऑर्डरी व्हॉट्सअ‍ॅपवर येतात, हिशेब वहीत असतो, मला कॉम्प्युटर लागेल का?”

प्रश्न साधे आहेत, पण विचारणाऱ्याच्या मुठीत बहुधा वर्षभराची बचत असते. कुणी ती रिक्षा चालवून केलेली असते, कुणी यंत्रमागावर रात्रपाळ्या करून, तर कुणाच्या घरी ती आखातातून आलेली असते. एवढी रक्कम एका दिवसात खर्च होणार आणि घेतलेली वस्तू पुढची चार-पाच वर्षे घरात राहणार. म्हणून हा विषय जरा सविस्तर मांडावा असे आम्हांला वाटले.

आमचे म्हणणे थोडक्यात सांगायचे तर असे : कोणते यंत्र चांगले, हा प्रश्न पहिला नाहीच. काम कोणते, ते कोण करणार, आणि कामाच्या वेळी यंत्र त्याच्या हातात असणार का, हे आधी ठरवावे. एवढे ठरले की निम्मी निवड आपोआप होते.

चार ओळींचा कागद

दुकानात जाण्यापूर्वी घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसून एका कागदावर चार ओळी लिहाव्यात.

पहिली ओळ कामाची. इथे “अभ्यासासाठी” किंवा “धंद्यासाठी” असे मोघम लिहू नये. “टायपिंगची परीक्षा द्यायची आहे”, “टॅली शिकायचे आहे”, “कपड्यांचे फोटो काढून गिऱ्हाइकांना पाठवायचे आहेत”, “दुकानाची बिले करायची आहेत”, असे स्पष्ट लिहावे.

दुसरी ओळ माणसाची. यंत्र कुणाच्या हातात राहणार? एकाच्या, की घरातल्या तिघांच्या?

तिसरी ओळ वेळेची आणि जागेची. काम सकाळी आहे की रात्री? घरी बसून आहे की बाहेर फिरून? घरात टेबल ठेवायला कोपरा आहे का? वीज किती वेळ जाते?

चौथी ओळ पैशाची. इथे फक्त यंत्राची किंमत धरू नये. लॅपटॉपला बॅग लागते, डेस्कटॉपला यूपीएस लागतो, मोबाईलला कव्हर आणि काच लागते, आणि तिन्हींना इंटरनेट लागते. या सगळ्यांसाठी रकमेतला काही भाग आधीच बाजूला काढून ठेवावा.

हा कागद खिशात घेऊन गेलेला माणूस सहसा फसत नाही. दुकानदार “हा बघा, कॅमेरा किती मेगापिक्सेलचा!” म्हणू लागला, की कागद काढून पाहावा. त्यावर कॅमेऱ्याचे काम लिहिलेले नसेल, तर त्या मेगापिक्सेलचे पैसे आपण का मोजायचे?

ज्यांना मोबाईल पुरतो

पुष्कळ कामांना मोबाईल पुरेसा असतो, हे आधी सांगून टाकतो. शिलाई करणाऱ्या, मसाले किंवा लोणची विकणाऱ्या, मेंदी काढणाऱ्या, डबे देणाऱ्या भगिनींना कॉम्प्युटरची घाई नाही. व्हॉट्सअ‍ॅपचे धंद्यासाठी वेगळे अ‍ॅप २०१८ पासून आपल्याकडे मोफत मिळते. त्यात मालाचे फोटो, किमती आणि माहिती यांची यादी लावता येते, दुकानाची वेळ लिहिता येते, आणि नेहमीच्या प्रश्नांची उत्तरे तयार ठेवता येतात. अशा कामाला चांगला कॅमेरा हवा, मोठी साठवण हवी आणि दिवसभर टिकणारी बॅटरी हवी. प्रोसेसर फार भारी असण्याची गरज नाही.

इलेक्ट्रिशियन, प्लंबर, रिक्षावाले, घरपोच सामान पोहोचवणारे यांचे काम उन्हात, पावसात आणि धुळीत चालते. त्यांनी पडद्याचा उजेड भर उन्हात दिसतो का ते दुकानाबाहेर येऊन पाहावे. बॅटरी ५,००० एमएएच किंवा त्याहून अधिक असावी. मोबाईल बंद पडला तर त्या दिवसाची कमाई बुडते, म्हणून त्या कंपनीचे सर्व्हिस सेंटर आपल्या तालुक्यात किंवा जिल्ह्याच्या गावी आहे का, हे अवश्य विचारावे.

घरातल्या वडीलधाऱ्यांसाठीही एक गोष्ट ध्यानात ठेवावी. दादाजान लहानसे दुकान चालवतात, त्यांना मोठा मोबाईल झेपत नाही, तर त्यांच्यावर तो लादू नये. साध्या बटणांच्या मोबाईलवरून पैसे देण्या-घेण्यासाठी रिझर्व्ह बँकेने मार्च २०२२ मध्ये ‘यूपीआय १२३पे’ ही सोय सुरू केली आहे. तिला इंटरनेट लागत नाही.

मोबाईल निवडताना आकड्यांपैकी तीनच गोष्टी नीट पाहाव्यात. एक, रॅम : काम सुरू असताना मोबाईल जिथे वस्तू मांडून ठेवतो ती जागा. ओटा जेवढा मोठा, तेवढी भांडी एकाच वेळी हाताशी राहतात, तसेच हे. आज नवा घेताना ६ जीबी तरी असावी. काही जाहिरातींत रॅमच्या आकड्यापुढे अधिक चिन्ह देऊन दुसरा आकडा लिहिलेला असतो. तो दुसरा आकडा साठवणीतून उसना घेतलेल्या जागेचा असतो, ती खरी रॅम नव्हे. दोन, साठवण : १२८ जीबीपेक्षा कमी घेऊ नये, कारण व्हॉट्सअ‍ॅपचे फोटो आणि व्हिडिओच ती भरून टाकतात. तीन, सुरक्षेच्या सुधारणा किती वर्षे मिळणार? ज्या मोबाईलवरून आपण बँकेचे व्यवहार करतो, त्याला या सुधारणा मिळत राहणे कुलपाइतकेच गरजेचे आहे. काही कंपन्या महागड्या मोबाईलना सात वर्षांचे वचन देतात, स्वस्त मोबाईलना पुष्कळ कमी. खोक्यावर नसेल तर विचारून घ्यावे.

मोबाईल जिथे अपुरा पडतो

आता दुसरी बाजू. मोबाईलवर वाढलेली आमची मुले बोटाने सर्रास पडदा सरकवतात, पण माऊस हातात दिला की थबकतात. हे आम्ही दरवर्षी वर्गात पाहतो. इंजिनिअरिंग आणि फार्मसीसाठी होणारी एमएचटी-सीईटी आणि जेईई मेन या दोन्ही परीक्षा कॉम्प्युटरवर होतात. ज्या मुलाने आयुष्यात पहिल्यांदा माऊस परीक्षेच्या केंद्रावरच धरला, त्याची हुशारी कमी नसते, पण त्याची मिनिटे वाया जातात. अशा परीक्षेत मिनिट म्हणजे गुण.

सरकारी नोकरीचे पाहा. लिपिक-टंकलेखक पदासाठी मराठी टंकलेखनाचा वेग मिनिटाला ३० शब्द आणि इंग्रजीचा ४० शब्द लागतो. त्याची कॉम्प्युटरवरची परीक्षा पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते. हा वेग मोबाईलवर अंगठ्याने टाइप करून येत नाही. त्याला दहा बोटे, खरा कीबोर्ड आणि रोजचा तासभर सराव लागतो. टॅलीवर हिशेब, एक्सेलमधले मोठे तक्ते, नकाशे आणि डिझाइन, पत्रिका-पुस्तकांची जुळणी, प्रोग्रॅमिंग, ही कामेही मोबाईलवर पाहता येतात, करता येत नाहीत. पाहणे आणि करणे यातला हा फरक पालकांनी समजून घ्यावा.

कॉम्प्युटर लगेच घेणे जमत नसेल, तर एक मधला मार्ग आहे. बहुतेक अँड्रॉइड मोबाईलना एक लहानसा ओटीजी जोड लावून कीबोर्ड आणि माऊस जोडता येतात. खर्च थोडा होतो. परीक्षेची पूर्ण तयारी त्यावर होणार नाही, पण बोटांना कीबोर्डची आणि हाताला माऊसची सवय लागते.

खिशातले यंत्र आणि घरातले यंत्र

डेस्कटॉप, लॅपटॉप की टॅब, या प्रश्नाचे उत्तर पालक किमतीत शोधतात. आम्हांला ते घराच्या दिनक्रमात शोधावेसे वाटते.

मोबाईल हा खिशाचा असतो. तो ज्याच्या खिशात, त्याच्याबरोबर तो घराबाहेर जातो. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, तेव्हा हे आपण सगळ्यांनी अनुभवले. घरात एक मोबाईल, तो अब्बांबरोबर कामावर, आणि तीन मुलांचे तीन वर्ग सकाळी दहालाच. घरात मोबाईल “होता”, पण मुलांच्या दृष्टीने तो नव्हता. डेस्कटॉप मात्र घराचा असतो. तो टेबलावर ठेवला की तिथेच राहतो. सकाळी ताई टायपिंग करील, दुपारी अम्मी हिशेब घालतील, संध्याकाळी धाकटा प्रकल्प करील, रात्री अब्बा बिले पाहतील. पडदा सगळ्यांसमोर असल्याने कोण काय पाहते याची वेगळी पहारेदारी करावी लागत नाही.

म्हणून यंत्र तीन-चार जणांत वापरायचे असेल, घरात एक कोपरा मोकळा असेल, तर आमची शिफारस डेस्कटॉपची आहे. त्याच पैशात तो लॅपटॉपपेक्षा अधिक काम देतो. पडदा मोठा असल्याने मान आणि डोळे कमी शिणतात. एखादा भाग बिघडला तर तेवढाच बदलता येतो आणि गावातला कारागीरही तो दुरुस्त करू शकतो. वीज जाते तिथे लहानसा यूपीएस जोडावा म्हणजे काम जपून बंद करायला वेळ मिळतो.

लॅपटॉप त्यांच्यासाठी, ज्यांना तो रोज किंवा वरचेवर बरोबर न्यावा लागतो : वसतिगृहात राहणारी मुले, इंजिनिअरिंगचे विद्यार्थी, फिरतीचे काम करणारे. जिथे तासन्‌तास वीज नसते तिथेही त्याची बॅटरी उपयोगी पडते. पण लॅपटॉप घेऊन तो कायम टेबलावरच ठेवायचा असेल, तर उचलून नेण्याच्या सोयीचे जास्तीचे पैसे आपण फुकट मोजतो.

टॅब वाचायला आणि पाहायला उत्तम आहे. बालभारतीची पाठ्यपुस्तके, उर्दू माध्यमाचीही, ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर मोफत मिळतात. ती टॅबवर छान वाचता येतात. केंद्र सरकारच्या दीक्षा अ‍ॅपवरचे धडेही पाहता येतात. लिहिण्याचे आणि हिशेबाचे काम मात्र त्यावर अवघड जाते. नागपूरची महाज्योती ही शासकीय संस्था इतर मागासवर्गीय, भटक्या-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गातल्या विद्यार्थ्यांना सीईटी, जेईई, नीटच्या तयारीसाठी टॅब देत आली आहे. आपल्या ज्या बिरादऱ्या ओबीसीच्या यादीत आहेत, त्यांच्या मुलांनाही अर्ज करता येतो. पण जातीचा दाखला आणि नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्र वेळेवर काढलेले नसते, म्हणून आपली मुले मागे राहतात. दहावीच्या वर्षातच ही कागदपत्रे तयार ठेवावीत.

कॉम्प्युटरच्या चिठ्ठीवर काय वाचावे

कॉम्प्युटर किंवा लॅपटॉप घेताना त्यावरची चिठ्ठी वाचता आली पाहिजे. रॅम ८ जीबी तरी असावी; डिझाइन किंवा प्रोग्रॅमिंग करायचे असेल तर १६. साठवण एसएसडी प्रकारची असावी, जुनी फिरती हार्ड डिस्क नको. एसएसडीवर कॉम्प्युटर काही सेकंदांत सुरू होतो, हार्ड डिस्कवर चहा होईपर्यंत वाट पाहावी लागते. सर्वसाधारण कामाला २५६ जीबीची एसएसडी पुरते, ५१२ असेल तर उत्तम.

प्रोसेसर इंटेलचा आय३ किंवा आय५, नाहीतर एएमडीचा रायझन ३ किंवा ५ असला तर अभ्यास, हिशेब आणि कचेरीचे काम आरामात होते. पण नुसते “आय५ आहे” यावर जाऊ नये. त्यापुढचा आकडा त्याची पिढी सांगतो. आय५-७२०० म्हणजे सातवी पिढी, आय५-८२५० म्हणजे आठवी, आय५-११३५ म्हणजे अकरावी. हे कळणे आता फार महत्त्वाचे झाले आहे. विंडोज १० चा नेहमीचा आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला, आणि विंडोज ११ अधिकृतपणे चालायला, काही अपवाद सोडले तर, इंटेलची आठवी किंवा त्यापुढची पिढी लागते. म्हणजे आज सातव्या किंवा आधीच्या पिढीचा जुना लॅपटॉप कितीही स्वस्त मिळाला, तरी तो घेताना दहा वेळा विचार करावा.

क्रोमबुक नावाचे लॅपटॉप स्वस्त असतात आणि वेबवरच्या कामाला चांगलेही असतात. पण विंडोजसाठी बनवलेली टॅलीसारखी सॉफ्टवेअर त्यांवर थेट चालत नाहीत. कागदावरच्या पहिल्या ओळीत टॅली लिहिलेले असेल, तर क्रोमबुक बाजूला ठेवावे.

चोरीचे विंडोज आणि चोरीची सॉफ्टवेअर टाकून देणारे पुष्कळ असतात. त्यातून व्हायरस येतात, आणि दुसऱ्याच्या मेहनतीचा मोबदला बुडवणे आपल्याला शोभतही नाही. लिहिणे आणि तक्ते यांसाठी लिब्रेऑफिस पूर्ण मोफत आहे. टॅलीही सरावासाठी शैक्षणिक पद्धतीने मोफत वापरता येते.

उर्दू आणि मराठी, दोन्ही हवीत

आपल्या घरांत एक गरज अशी आहे, जिची दुकानदाराला कल्पना नसते. आपल्याला उर्दूही लिहायची असते आणि मराठीही. मोबाईलवर हा प्रश्न आता जवळजवळ सुटला आहे. गूगलच्या कीबोर्डमध्ये दोन्ही भाषा एकाच वेळी बसवता येतात, बोलून लिहिता येते, बोटाने गिरवूनही लिहिता येते. ज्या वडीलधाऱ्यांना बटणे सापडत नाहीत, त्यांना बोलून लिहिण्याची सोय दाखवावी. त्यांचा मोबाईलशी दोस्ताना जुळायला वेळ लागत नाही.

कॉम्प्युटरवर थोडी समज लागते. मराठीसाठी इन्स्क्रिप्ट कीबोर्ड विंडोजमध्येच असतो, वेगळा विकत घ्यावा लागत नाही. शिकायचेच असेल तर युनिकोडमध्येच शिकावे, कारण युनिकोडमध्ये लिहिलेला मजकूर दुसऱ्याच्या मोबाईलवर, ई-मेलमध्ये, सरकारी अर्जात जसाच्या तसा दिसतो. जुन्या फॉन्टमध्ये लिहिलेला मजकूर दुसरीकडे नेला की त्याची अगम्य अक्षरे होतात.

उर्दूचे तसेच आहे. नस्तालिक लिपी कॉम्प्युटरवर आणणे सोपे नव्हते. मिर्झा अहमद जमील यांच्या नूरी नस्तालिकने १९८१ च्या सुमारास ते शक्य केले, आणि पुढे १९९४ मध्ये आलेल्या इनपेजने उर्दू छपाईचे रूपच बदलले. छापखान्यांत आणि वृत्तपत्रांत आजही इनपेजचे काम मिळते आणि त्यासाठी विंडोजचा कॉम्प्युटर धरावा. पत्रव्यवहार, शाळेचे काम, प्रश्नपत्रिका यांसाठी मात्र नोटो नस्तालिक उर्दूसारखे मोफत युनिकोड फॉन्ट पुरतात. दिल्लीची राष्ट्रीय उर्दू भाषा विकास परिषद कॉम्प्युटर, हिशेब आणि बहुभाषिक डीटीपी यांचा एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम देशभरच्या केंद्रांत चालवत आली आहे. उर्दू माध्यमातून शिकलेल्या मुला-मुलींनी जवळचे केंद्र शोधावे. मराठी आणि उर्दू दोन्हींत सफाईने टाइप करणारा माणूस बाजारात दुर्मीळ आहे. आपल्या मुलांना दोन्ही भाषा येतात, ही उणीव नसून कमाईचे साधन आहे.

जुने यंत्र घेताना

जुने घेण्यात कमीपणा काही नाही. मोठ्या कचेऱ्यांनी काढून टाकलेले मजबूत कॉम्प्युटर दुरुस्त करून विकले जातात आणि घरातल्या कामाला वर्षानुवर्षे पुरतात. मात्र घाई करू नये. यंत्र अर्धा तास चालू ठेवून पाहावे. कीबोर्डचे प्रत्येक बटण दाबून बघावे, वाय-फाय जोडून बघावे, लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरी किती टिकते ते पाहावे. पिढीचा आकडा वाचावा. बिल आणि लेखी वॉरंटी घ्यावी, मग ती तीन महिन्यांची का असेना.

जुन्या मोबाईलच्या बाबतीत तर सावधगिरी आणखी हवी, कारण चोरीचा माल अंगलट येऊ शकतो. मोबाईलवर *#०६# दाबले की त्याचा पंधरा आकडी आयएमईआय क्रमांक दिसतो. तो खोक्यावरच्या आणि बिलावरच्या क्रमांकाशी जुळवावा. मग मेसेजमध्ये इंग्रजी अक्षरांत केवायएम लिहून, एक जागा सोडून तो क्रमांक टाकावा आणि १४४२२ वर पाठवावा. सरकारच्या संचार साथी अ‍ॅपवरही ही तपासणी होते. तो क्रमांक बंद केलेला किंवा दुसऱ्याच मॉडेलचा निघाला, तर सौदा तिथेच सोडावा. आपला मोबाईल हरवला तर तो बंद करण्याची सोयही संचार साथीवरच आहे.

आपला जुना मोबाईल विकताना सिम आणि मेमरी कार्ड काढावे, आपले खाते त्यातून हटवावे आणि मगच सगळे पुसून तो नव्यासारखा करावा. मोबाईलमध्ये घरातल्या बायका-मुलींचे फोटो असतात. दुरुस्तीला देतानाही हीच काळजी घ्यावी. आणि कधी पैशाची फसवणूक झालीच, तर लाजेने गप्प न बसता ताबडतोब १९३० या क्रमांकावर तक्रार करावी. जितक्या लवकर तक्रार, तितकी पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त.

हप्त्याचा हिशेब

दुकानाच्या काचेवर मोठ्या अक्षरांत लिहिलेले असते : “शून्य व्याज, सोपे हप्ते.” व्याजापासून दूर राहू पाहणारी घरे हे वाचून निर्धास्त होतात. पण क्रेडिट कार्डावरच्या अशा योजनेत बहुधा काय होते, ते समजून घ्यावे. बँक व्याज लावतेच. कंपनी किंवा दुकान तेवढी रक्कम किमतीतून आधी कमी करते. म्हणून ग्राहकाला ते शून्य दिसते. कार्डाच्या हिशेबात मात्र व्याजाची ओळ असते, त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो आणि वर प्रक्रिया शुल्क असते. शिवाय रोखीने घेणाऱ्याला मिळाली असती ती सवलत कधी कधी हातची जाते. ज्यांना यात शंका वाटते, त्यांनी योजनेचा कागद आपल्या आलिमांना दाखवून विचारावे. काचेवरच्या अक्षरांवर विसंबू नये.

याला पर्याय आहेत. नातेवाइकांची किंवा मैत्रिणींची साधी भिशी, बिनव्याजी कर्ज देणाऱ्या संस्था, काही गावांत चालणारे बैतुलमाल. आणि सर्वांत सोपा पर्याय म्हणजे सहा महिने थांबणे, किंवा यादीतले एक पाऊल खाली उतरणे. ज्यांच्या दुकानाची जीएसटी नोंदणी आहे, त्यांनी बिल दुकानाच्या नावाने घ्यावे. मोबाईल आणि कॉम्प्युटरवर १८ टक्के जीएसटी आहे, आणि धंद्यासाठी घेतलेल्या यंत्रावरचा हा कर नियमांप्रमाणे वळता करून घेता येतो. पुष्कळ छोटे दुकानदार घरच्या नावाने बिल घेतात आणि ही रक्कम सोडून देतात.

कुणाच्या हातात?

शेवटी कागदावरच्या दुसऱ्या ओळीकडे येतो, कारण आमच्या मते खरा प्रश्न तिथे आहे.

आमच्या एका माजी विद्यार्थिनीचे सांगतो. कॉमर्सला होती, हिशेबात तरबेज. घरात भावासाठी नवा, महागडा मोबाईल घ्यायचे ठरत होते. त्याचा जुना मोबाईल नीट चालत असताना. मुलीने अब्बांना सांगितले, “भाईजानचा जुना मोबाईल अजून दोन वर्षे चालेल. मला टॅली करायचे आहे, आणि ते मोबाईलवर होत नाही.” अब्बांनी दोन दिवस विचार केला. मुलाला समोर बसवून त्याच्याशी बोलले. त्या पैशात एक जुना डेस्कटॉप आला, यूपीएस आला आणि टॅलीच्या क्लासची फी भरली गेली. आज ती मुलगी घरी बसून तीन दुकानांचे हिशेब लिहिते. भावाच्या दुकानाचे चौथे, आणि त्याचे पैसे ती घेत नाही. भाऊ म्हणतो, “आमच्या घरातला सर्वांत फायद्याचा सौदा तोच.”

अशी घरे वाढली पाहिजेत. आजही आपल्याकडे मुलाला मोबाईल “लागतो” आणि मुलीला तो “कशाला हवा” असे सहज बोलले जाते. मुलगा दिवसाचे चार तास त्यावर खेळ खेळतो, आणि बारावीत चांगले गुण मिळवलेली त्याची बहीण रात्री अकरानंतर तो रिकामा होण्याची वाट पाहते. मग परीक्षेत ती मागे पडली, की आपण तिच्या नशिबाला दोष देतो. यंत्रावरचा हक्क वयाने किंवा मुलगा-मुलगी पाहून ठरवू नये, कामाने ठरवावा. ज्याचे काम, त्याचे यंत्र, आणि त्याच्या कामाच्या वेळी ते त्याच्याच हातात. ही वेळ कागदावर लिहून भिंतीला लावली तरी घरातली निम्मी भांडणे मिटतात.

ज्यांना घरी यंत्र घेणे मुळीच शक्य नाही, त्यांच्यासाठी मोहल्ल्याने काही करावे. जमातीच्या वाचनालयात किंवा सभागृहाच्या एका खोलीत दोन डेस्कटॉप ठेवायला फार मोठी रक्कम लागत नाही. लग्नाच्या मंडपातला एका रात्रीचा खर्च पाहिला तर त्यात हे सहज बसते. सकाळचे तीन तास मुलींसाठी, संध्याकाळचे मुलांसाठी, आणि देखरेखीला निवृत्त शिक्षक किंवा शिकलेली एखादी सून. टायपिंगच्या परीक्षेला बसणारी दहा मुले त्यावर तयार होऊ शकतात.

तेव्हा या महिन्यात कुणाच्या घरी खरेदीचा विचार असेल, तर जुम्याच्या दिवशी जेवणे झाली की सगळ्यांनी एकत्र बसावे आणि तो चार ओळींचा कागद लिहावा. लिहायला घरातल्या त्या मुलीला सांगावे, जिला आजवर कुणी विचारले नाही की तुला काय लागते. अल्लाह तिच्या मेहनतीत आणि तुमच्या कमाईत बरकत देवो.